सातबाऱ्यावर एकट्या भावाचं नाव होतं, आता तीन बहिणी हिस्सा मागतात: घेतलेली जमीन वाचेल का?

प्रश्न: मे २०२१ मध्ये मी शेजारच्या गावातली ८० आर जमीन २४ लाख रुपयांना रीतसर खरेदीखताने घेतली. मूळ गट १ हेक्टर ६० आरचा. विकणाऱ्याच्या वडिलांनी तो १९७९ मध्ये स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता. वडील २००४ मध्ये वारले. आई त्यांच्या आधीच गेली होती. २००५ च्या फेरफाराने सातबाऱ्यावर फक्त मुलाचं नाव लागलं आणि तेच मी पाहिलं. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला, तोही स्वच्छ आला. बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना विचारायची गरज वाटली नाही. २०२२ मध्ये मी विहीर खोदली, पाइपलाइन टाकली, डाळिंब लावलं. गेल्या आठवड्यात तिन्ही बहिणींच्या वकिलाची नोटीस आली: भावाला एकट्याला विकण्याचा अधिकार नव्हता, खरेदीखत आमच्यावर बंधनकारक नाही, पंधरा दिवसांत ताबा सोडा. थोरलीने २००५ मध्ये तलाठ्यापुढे सही केली होती असं भाऊ सांगतो. मधलीची सही नाही. धाकटी तेव्हा सोळा वर्षांची होती. भावाच्या नावावर अजून ८० आर शिल्लक आहे. प्रामाणिक खरेदीदाराला कायदा संरक्षण देतो असं ऐकलं आहे. ते मला मिळेल का? – एक वाचक

उत्तर: तुमची सगळी जमीन जाणार नाही. सगळी वाचेल असंही आम्ही सांगणार नाही. चाळीस आरवर तुमची बाजू भक्कम आहे, आणखी वीस आरसाठी तुम्हाला भांडता येईल, आणि उरलेल्या वीस आरसाठी बहुधा पुन्हा पैसे मोजावे लागतील. हा हिशेब कसा लागतो ते पुढे येईलच. त्याआधी 'प्रामाणिक खरेदीदार' या दोन शब्दांवर तुम्ही जी भिस्त ठेवली आहे ती तपासू, कारण नोटिशीचं उत्तर त्याच भरवशावर लिहिलं तर नुकसान होईल.

कायद्याचा मूळ नियम खरेदीदाराच्या बाजूचा नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. चोरीची मोटारसायकल तुम्ही पूर्ण किंमत देऊन, पावती घेऊन घेतलीत तरी मूळ मालक ती परत मागू शकतो; जमिनीचंही तसंच. या नियमाला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४१ ने एक अरुंद अपवाद ठेवला आहे. त्याची मुळं प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) १८७२ च्या एका निकालात आहेत. खऱ्या मालकाने स्वतःच दुसऱ्याला मालक म्हणून मिरवू दिलं आणि त्यावर विसंबून तिसऱ्याने पैसे मोजले, तर नंतर खऱ्या मालकाने उठून 'विकणाऱ्याला अधिकारच नव्हता' असं म्हणू नये, हे त्यातलं तत्त्व. म्हणजे हे संरक्षण तुमच्या चांगुलपणामुळे मिळत नाही. खऱ्या मालकाच्या वागण्यामुळे मिळतं, आणि तेही तुम्ही काळजी घेतली असेल तर.

कलमात चार गोष्टी एकत्र लागतात. विकणारा दिसायला मालक असला पाहिजे. तो तसा दिसतो आहे याला खऱ्या हक्कदारांची स्पष्ट किंवा वागण्यातून दिसणारी संमती हवी. व्यवहार मोबदला देऊन झालेला हवा, म्हणून बक्षीसपत्राने घेणाऱ्याला हे कलम उपयोगाचं नाही. आणि घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या अधिकाराची वाजवी चौकशी करून प्रामाणिकपणे व्यवहार केलेला हवा. हे सगळं शाबीत करण्याचा भार घेणाऱ्यावर असतो. तुमच्याकडे पहिली आणि तिसरी गोष्ट आहे. घोडं अडतं ते दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीवर.

आधी संमती पाहू. इथे तीन बहिणींचं उत्तर तीन तऱ्हेचं येतं. वडिलांची जमीन स्वकष्टार्जित होती, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे २००४ मध्ये चारही भावंडांना समान, म्हणजे चार आणे हिस्सा मिळाला. (२००५ ची दुरुस्ती आणि मुलींच्या सहदायिकीबद्दलचा (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच मिळणाऱ्या हिश्श्याबद्दलचा) सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२० चा निकाल वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. भावाचा वकील 'दुरुस्ती नंतरची आहे' असा मुद्दा काढेल, पण तुमच्या प्रकरणात त्याचा संबंध येत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलींचा हक्क कायद्यात १९५६ पासूनच आहे.) सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून तो हिस्सा गेला नाही. महसुली नोंद सारा कोणी भरायचा हे ठरवण्यासाठी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी धरली जाते, इतकंच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

थोरलीने तलाठ्यापुढे खरोखर जबाब दिला असेल तर तो तुमच्यासाठी सर्वात मोलाचा कागद आहे. त्या जबाबाने तिचा हक्क सुटलेला नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. साध्या कागदावर 'माझा हिस्सा नको' लिहून दिल्याने मालकी हलत नाही. पण 'भावाचं एकट्याचं नाव लावायला माझी हरकत नाही' असं तिने स्वतः सांगितलं असेल, तर भाऊ जगाला एकटा मालक दिसला तो तिच्या संमतीने. कलम ४१ ला नेमकं हेच लागतं.

मधलीची सही नाही. ती सोळा वर्षं गप्प बसली, भावाकडे कधी धान्य मागितलं नाही, असं भाऊ सांगेल. नुसतं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. बहीण-भावाच्या नात्यात माहेरची जमीन भावाने कसणं इतकं सर्रास आहे की, त्यावरून तिने त्याला मालक म्हणून पुढे केलं असा अर्थ न्यायालय सहसा काढत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा कायद्याने सगळ्यांच्या वतीने धरला जातो. तिच्याविरुद्ध काही ठोस हवं: भावाने याच जमिनीवर घेतलेल्या कर्जाला ती जामीन राहिली असेल, किंवा गटाचा आधी काही व्यवहार झाला असेल आणि त्यावर तिची साक्षीदार म्हणून सही असेल. असं काही नसेल तर तिच्या हिश्श्यापुरतं कलम ४१ सोडून द्या.

धाकटी २००५ मध्ये कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची होती. अज्ञान व्यक्ती संमती देऊ शकत नाही, त्यामुळे तेव्हाच्या कागदांवर तिच्या नावाने काहीही लिहिलेलं असलं तरी ते या कामी चालणार नाही. सज्ञान झाल्यावर, सगळं माहीत असताना तिने भावाला मालक म्हणून वागू दिलं, असं तुम्हाला दाखवावं लागेल, आणि ते मधलीच्या बाबतीत आहे तितकंच अवघड.

आता तुमची बाजू. पत्रातलं एक वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं: 'बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना विचारायची गरज वाटली नाही.' उलटतपासणीत बहिणींचा वकील पहिला हाच प्रश्न विचारेल. विकणाऱ्याला बहिणी आहेत हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही विचारलं नाही. याच अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे, जी चौकशी करायला हवी होती ती टाळली तर त्या चौकशीतून जे कळलं असतं ते तुम्हाला माहीतच होतं असं धरलं जातं. नोंदलेल्या दस्ताचं आणि जमिनीत प्रत्यक्ष ताबा असलेल्या माणसाच्या हक्कांचं ज्ञानही असंच गृहीत धरतात. इतर काही कायद्यांत प्रामाणिकपणाची व्याख्या सैल आहे. सामान्य खंड अधिनियम, १८९७ प्रमाणे निष्काळजीपणे पण सचोटीने केलेली गोष्टही प्रामाणिक ठरते. कलम ४१ मध्ये मात्र सचोटीच्या जोडीला वाजवी काळजी वेगळी लिहिली आहे. तुमची सचोटी आम्हाला दिसते. काळजी कमी पडली.

हे लपवायच्या भानगडीत पडू नका. 'बहिणी आहेत हे मला ठाऊकच नव्हतं' असं शपथेवर लिहिलंत आणि शेजारच्या गावातला एक साक्षीदार उभा राहिला, तर तुमची खरी विधानंही संशयात येतील.

सर्च रिपोर्ट स्वच्छ आला तरी हे का झालं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सर्च म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक २ मधल्या नोंदी. तिथे फक्त नोंदलेले दस्त दिसतात: खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र. माणूस मेल्यावर वारसांना जो हक्क मिळतो त्याचा कुठलाही दस्त होत नाही. तीस नाही, साठ वर्षांचा सर्च घेतला असता तरी तुम्हाला बहिणी दिसल्या नसत्या. उलट याच सर्चने सावध व्हायला हवं होतं. जमीन आधी वडिलांच्या नावावर होती आणि सर्चमध्ये वडिलांकडून मुलाकडे आलेला एकही दस्त नाही, म्हणजे जमीन वारसाने आली आहे. मग इतर वारस कोण आणि त्यांचं हक्कसोडपत्र कुठे आहे, हे वकिलाने विचारायलाच हवं होतं. त्या रिपोर्टात वारसांबद्दल एक ओळही नसेल तर तो अपुरा आहे.

बहिणी दिसतात त्या फेरफाराच्या फाइलमध्ये. २००५ च्या त्या फेरफाराची नुसती नक्कल मागू नका, पूर्ण कागद मागा: वारस नोंदीचा वर्दी अर्ज, त्यासोबतचं प्रतिज्ञापत्र, दिलेले जबाब, नमुना ९ च्या नोटिशीची बजावणी कोणावर झाली त्याच्या सह्या, मंडळ अधिकाऱ्याचा प्रमाणित केल्याचा शेरा, आणि गाव नमुना ६-क म्हणजे वारसा प्रकरणांच्या नोंदवहीचा उतारा. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, तिथेही टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या. तिथे तीनपैकी एक चित्र दिसेल. अर्जात बहिणींची नावं वारस म्हणून असतील आणि थोरलीचा सहीचा जबाब असेल, तर वर सांगितलेली बाजू उभी राहते. अर्जात 'मी एकुलता एक वारस' असं लिहिलेलं असेल, तर भावाने तलाठ्याला फसवलं आणि संमतीचा प्रश्नच संपला. थोरलीची सही आहे पण ती तिची नाही असं निघालं, तर कलम ४१ कुणाविरुद्धच चालणार नाही. खोट्या सहीतून कोणाची संमती निर्माण होत नाही. भावाच्या सांगण्यावर जाऊ नका, कागद डोळ्यांनी पाहा.

आता चाळीस आरकडे येऊ. तुमचा खरा आधार कलम ४१ पेक्षा इथे आहे.

खरेदीखत पूर्ण रद्द होत नाही. भाऊ चार आण्याचा मालक होताच, आणि सहहिस्सेदाराला आपला हिस्सा विकता येतो. घेणारा त्याच्या जागी उभा राहतो, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ४४ सांगतं (पुढे कायद्याचं नाव न घेता दिलेली कलमंही याच अधिनियमातली). पूर्ण १६० आरमध्ये भावाचा हिस्सा ४० आर. बहिणी वाटपाचा दावा करतील तेव्हा तुम्ही न्यायालयाला विनंती करू शकता की भावाच्या वाट्याचे ४० आर तुम्ही घेतलेल्या ८० आरमधूनच द्या, म्हणजे ते तुमच्याकडे राहतील. वाटपात इतर हिस्सेदारांचं नुकसान होत नसेल तर न्यायालयं खरेदीदाराची ही विनंती साधारणपणे मानतात. विहीर आणि बाग असलेला भाग त्या चाळीस आरमध्ये मागा. यासाठी तुम्ही वाजवी चौकशी केली होती का, हा प्रश्नच उद्भवत नाही.

थोरलीविरुद्ध कलम ४१ लागू झालं तर तुम्ही घेतलेल्या ८० आरमधला तिचा चौथा हिस्सा, २० आर, तुमच्याकडे राहतो. झाले ६०. मधली आणि धाकटी यांचे प्रत्येकी ४० आर भावाच्या नावे शिल्लक असलेल्या ८० आरमधून भागवता येतात. मग तुमच्या क्षेत्रातले २० आर उरतात ते थोरलीचे, कारण न विकलेल्या अर्ध्या भागातला तिचा हिस्सा कुठेतरी द्यावाच लागेल. थोरलीविरुद्ध हरलात तर तिला तुमच्यातून पूर्ण ४० आर जातील. हा हिशेब नुसत्या क्षेत्राचा झाला. प्रत्यक्षात वाटप सरस-निरस मानाने होतं. रस्त्याकडचा, काळ्या जमिनीचा तुकडा आणि माळाचा तुकडा आरला आर बसत नाही. कलेक्टरकडे वाटपाला गेल्यावर मोजणी अधिकारी हे पाहतो.

यात एक मोठा धोका आहे, आणि तातडीचं काम तेच आहे. हा सगळा हिशेब भावाच्या नावावर ८० आर शिल्लक आहे यावर उभा आहे. नोटीस त्यालाही गेली असेल. त्याने घाबरून ते ८० आर विकून टाकले तर बहिणींना देण्यासाठी तुमच्याच जमिनीशिवाय काही उरणार नाही. दावा दाखल झाल्यावर कलम ५२ प्रमाणे मधले व्यवहार दाव्याच्या निकालाला बांधील असतात, पण महाराष्ट्रात त्यासाठी प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. बहिणींनी ती नोंदवली नाही तर तुम्ही नोंदवण्याची तजवीज करा, आणि भावाने शिल्लक जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम मागा. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीही आपल्या हिश्श्यापुरता वादीसारखाच असतो, त्यामुळे हे मागायला तुम्हाला अडचण नाही. दावा व्हायच्या आधीच तो विक्रीच्या हालचाली करतो आहे असं कळलं तर वाट न पाहता स्वतःच दावा करायची तयारी ठेवा.

बहिणींच्या दाव्यात फक्त तुमचे ८० आर आहेत का, हेही पाहा. असतील तर कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, हरकत घ्या: वाटप अर्धवट मागता येत नाही, पूर्ण गट आणि वडिलांचं घर, गावठाणातली जागा, जे काही असेल ते सगळं दाव्यात आणलं पाहिजे. ही हरकत फक्त कागदोपत्री नाही. भावाला इतर मिळकतीतही चौथा हिस्सा आहे. तो बहिणींकडे वळता करून त्या बदल्यात तुमची जास्त जमीन वाचवता येते.

विहिरीच्या खर्चासाठी कलम ५१ आहे. आपणच पूर्ण मालक आहोत अशा प्रामाणिक समजुतीने जमिनीत सुधारणा केली आणि नंतर चांगल्या हक्काच्या माणसाने बाहेर काढलं, तर एक तर त्याने सुधारणेची किंमत द्यायची, किंवा सुधारणा बाजूला ठेवून बाजारभावाने आपला हिस्सा तुम्हाला विकायचा. उभ्या पिकावरही तुमचा हक्क राहतो. यासाठी खोदाईची बिलं, मजुरीचे व्हाउचर, पंपाची आणि वीज जोडणीची पावती, डाळिंबाच्या रोपांचं बिल, बँकेतून गेलेली रक्कम हे तारीखवार लावून ठेवा. दाव्यात कोर्ट कमिशनर नेमून विहिरीची खोली, पाइपची लांबी, झाडांची संख्या यांचा पंचनामा करून घ्या. नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून मात्र नवं बांधकाम, नवी लागवड, सपाटीकरण काही करू नका. हक्काबद्दल वाद आहे हे कळल्यावर केलेला खर्च प्रामाणिक समजुतीचा राहत नाही. झाडांची निगा आणि पाणी चालू ठेवायला हरकत नाही.

कलम ४३ सुद्धा कैफियतीत घाला. भावाने नसलेला अधिकार आहे म्हणून सांगितलं, आणि पुढे त्याला ती जमीन किंवा तिचा जास्त हिस्सा खरोखर मिळाला, एखादी बहीण त्याला हिस्सा देऊन गेली किंवा तडजोडीत तो आला, तर तो तुम्ही आपल्याकडे मागू शकता. इथे चौकशी पुरेशी केली होती का, हा प्रश्न येत नाही. त्याच्या सांगण्यावर तुम्ही विसंबलात एवढं पुरतं.

आता क्रम. पंधरा दिवसांच्या नोटिशीला उत्तर द्या, पण नेमकं. 'बहिणींचा काही संबंध नाही' असं ठोकून देऊ नका. हे उत्तर पुढे तुमच्याविरुद्ध दाखल होईल. खरेदीची तारीख, दस्त क्रमांक, दिलेली रक्कम, पाहिलेले कागद, थोरलीच्या जबाबाबद्दल मिळालेली माहिती, नंतर केलेला खर्च एवढं लिहा, ताबा सोडायला नकार द्या आणि वाटपात हिशेब करायची तयारी आहे असं सांगा. त्याच आठवड्यात तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं न ऐकता तुमच्याविरुद्ध मनाई हुकूम निघणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा दाखल करावं लागतं. त्याची प्रत तिन्ही बहिणींना रजिस्टर पोस्टाने जायला हवी, नाहीतर ते निरुपयोगी ठरतं.

समन्स आलं की ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची. कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत वाढ मिळते. इथे एक चूक फार होते: वकील 'प्रतिवादी हा प्रामाणिक खरेदीदार आहे' एवढंच एक वाक्य लिहितो. कोणी, कधी, कशाने संमती दिली आणि तुम्ही काय चौकशी केली, हे तपशील कैफियतीत नसतील तर पुढे त्यावर पुरावा देता येत नाही. कलम ४१, ४३, ५१ आणि भावाच्या हिश्श्यातून जमीन देण्याची विनंती, हे सगळं एकाला दुसरा पर्याय म्हणून लिहा. चौकशीचा पुरावा खरेदीच्या आधीच्या तारखेचा लागतो: तेव्हाचा सातबारा, सर्च रिपोर्ट, दिली असेल तर जाहीर नोटिशीचं वर्तमानपत्राचं अख्खं पान. आता छापलेल्या नोटिशीला किंमत नाही. बहिणी दावा न करता प्रांताकडे २००५ च्या फेरफाराविरुद्ध अपील करतील, तर तिथेही हजर राहा. प्रांत मालकी ठरवू शकत नाही, पण तुमच्या गैरहजेरीत सातबारा बदलला तर पीककर्जापासून विक्रीपर्यंत सगळीकडे अडचण होईल.

भावाला वेगळी नोटीस आजच पाठवा. तुमच्या खरेदीखतात बहुधा असं वाक्य असेल: 'सदर मिळकतीत इतर कोणाचाही हक्क अगर हितसंबंध निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार स्वखर्चाने करतील व लिहून घेणार यांना तोशीस लागू देणार नाहीत.' नसलं तरी चालेल. कलम ५५(२) प्रमाणे विकणाऱ्याने आपल्याला हस्तांतराचा अधिकार असल्याची हमी दिली असं धरलंच जातं. आरला ३० हजार या तुमच्याच दराने २० आर गेले तर ६ लाख, ४० गेले तर १२ लाख, अधिक नोंदणी-मुद्रांकाचा त्या प्रमाणातला खर्च, व्याज आणि दाव्याचा खर्च, हे त्याच्याकडून मागायचं. अशा मागणीला मुदत कायद्यात साधारण तीन वर्षं आहेत आणि ती कोणत्या तारखेपासून मोजायची यावर वाद होतात, म्हणून उशीर नको. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते, पण तिने तुमच्या जमिनीचा एक गुंठाही सुटणार नाही. भावाला तडजोडीला बसवायला तिचा उपयोग झाला तर झाला.

बहिणींना मुदत उलटली, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. तो भरवसा धरू नका. त्या खरेदीखतात पक्षकार नव्हत्या, त्यामुळे दस्त रद्द करून घेण्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत त्या अडकत नाहीत. तुमचा ताबा त्यांच्या हक्काला प्रतिकूल धरला तरी बारा वर्षं २०३३ मध्ये होतील.

जे वाचक आत्ता जमीन घ्यायला निघाले आहेत त्यांच्यासाठी थोडं. तोतया उभा करून केलेला दस्त, मुखत्यारपत्र देणारा मेल्यावर त्याच मुखत्यारपत्रावर केलेली विक्री, परवानगीशिवाय विकलेली भोगवटादार वर्ग २ ची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन: इथे कलम ४१ उभंच राहत नाही. सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक आहे, एकटा मालक नाही. वारसाने आलेली जमीन असेल तर ज्याच्यापासून वारसा सुरू झाला त्याच्या सगळ्या वारसांची यादी प्रतिज्ञापत्रावर घ्या, आणि प्रत्येकाचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी पाहा किंवा प्रत्येकाला खरेदीखतात संमती देणार म्हणून सहीला बसवा. परगावी असलेल्या बहिणीची सही मिळायला महिना लागेल, तेवढा थांबा. कोणी अज्ञान असेल तर न्यायालयाची परवानगी लागते का हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

तुमच्याकडे परत येतो. आमचं मत तडजोडीच्या बाजूचं आहे, आणि सुरुवात थोरलीपासून करा. तिची सही असेल तर तिची बाजू सगळ्यात कमकुवत आहे आणि वादातले २० आर तिच्याच वाट्याचे आहेत. भावाने पैसे द्यावेत, तिने ते २० आर तुम्हाला कायम करून द्यावेत, मधली आणि धाकटी यांनी शिल्लक ८० आर वाटून घ्यावेत, हा आराखडा चौघांपुढे ठेवा. तो साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ नका. दावा झालेला असेल तर तडजोड पुरशिस (सगळ्या पक्षकारांच्या सह्यांचं लेखी निवेदन) त्याच दाव्यात किंवा लोकअदालतीत दाखल करून हुकूमनामा घ्या. दाव्यातल्या मिळकतीपुरत्या तडजोड हुकूमनाम्याला वेगळी नोंदणी लागत नाही. दावा नसेल तर थोरलीकडून तुमच्या नावे नोंदणीकृत खरेदीखत किंवा मान्यतापत्र घ्या. हक्कसोडपत्र घेऊ नका, ते भावंडांमध्येच शोभतं आणि मुद्रांकावरून पुढे वाद होतो. पैसे देताना धनादेशाचा क्रमांक दस्तात लिहा, चतुःसीमा आणि विहिरीचा उल्लेख नकाशासह जोडा, आणि मोजणी करून पोटहिस्सा पाडल्यावर चौघांच्या सह्यांनी फेरफाराचा अर्ज एकाच दिवशी द्या.